घरभाडे आणि अर्थशास्त्राचा पहिला धडा

महाविद्यालयात प्रथमच अर्थशास्त्राचे पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली भेट होते ती एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषांशी. एक उतरत येते, तिला मागणी म्हणतात; दुसरी चढत जाते, तिला पुरवठा म्हणतात; आणि त्या जेथे मिळतात तेथे किंमत ठरते, असे अध्यापक सांगतात. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो, परीक्षेत तशीच आकृती काढतो, आणि उत्तीर्ण झाल्यावर तिचा आपल्या संसाराशी काही संबंध आहे ही गोष्ट जन्मभर विसरून जातो. दोष त्याचा नव्हे. पुस्तकांतली उदाहरणे असतात सफरचंदांची आणि पावांची. आणि ज्या सफरचंदाला ना गाव ना गिऱ्हाईक, त्याच्या किमतीविषयी कोणाला आस्था वाटावी?

म्हणून श्रोतेहो, आज फळ्याकडे पाठ फिरवून आपण मुंबईस गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीच्या जिन्यापाशी जाऊन उभे राहू. तिसऱ्या मजल्यावर एक बिऱ्हाड आहे अशी कल्पना करा. आजोबांच्या नावाने सुरू झालेली भाडेपावती आता नातवाच्या नावावर आहे, आणि तिच्यावरचा आकडा इतका लहान आहे की तेवढ्या रकमेत चौघांचा उपाहारगृहातला चहा-फराळही होऊ नये. समोर नवी इमारत उठली आहे. तेथे तेवढ्याच जागेला महिन्याकाठी हजारांनी मोजावे लागतात. रस्ता तोच, नळाचे पाणी तेच, चौपाटीवरून येणारा वाराही तोच. एका बाजारात एकाच मालाला दोन भाव फार काळ टिकत नाहीत, असे शास्त्र सांगते. येथे ते सत्तर-ऐंशी वर्षे टिकले. ते कसे टिकले आणि त्याचे मोल कोणी भरले, एवढे समजून घेतले तर त्या दोन रेषांचा बहुतेक धडा पदरात पडतो.

आरंभी शब्दांचा थोडा उलगडा केला पाहिजे. घर सर्वांनाच हवे असते; पण हवे असणे ही मागणी नव्हे. अमुक भाड्याला अमुक जागा घ्यावयास जो तयार आहे, आणि ज्याच्या खिशात तेवढे दाम आहे, तोच मागणीच्या हिशेबात येतो. मुंबई सरकारने १९२० नंतरच्या काही वर्षांत कामगारांसाठी वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे मोठमोठ्या चाळी बांधल्या. बी.डी.डी. चाळी या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. सुमारे १६,००० खोल्या उभ्या राहिल्या. आणि शहरात जागेची एवढी ओढ असूनही आरंभीची कित्येक वर्षे त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. ज्यांच्यासाठी त्या बांधल्या त्यांना ते भाडे झेपेना, आणि त्या काँक्रीटच्या कोंदट खोल्या रुचेनात. गरज डोंगराएवढी होती. मागणी तेवढी नव्हती.

पुरवठ्याचेही तसेच आहे. शहरात एकंदर खोल्या किती, हा पुरवठा नव्हे. अमुक भाडे मिळत असेल तर त्यांतल्या किती खोल्या भाड्याने द्यावयास मालक राजी आहेत, तो पुरवठा होय. कुलूप लावून ठेवलेली जागा विटा-चुन्याने अस्तित्वात असते, बाजारात नसते. ही गोष्ट लक्षात असू द्यावी. पुढे तिच्याशी गाठ पडणार आहे.

केंब्रिज येथील आल्फ्रेड मार्शल याने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मागणी आणि पुरवठा यांना कात्रीच्या दोन पात्यांची उपमा दिली. कागद वरच्या पात्याने कापला की खालच्या, हा वाद व्यर्थ आहे असा तिचा आशय. ही उपमा सर्वांच्या तोंडी आहे. पण मार्शलने याहून मोलाची एक गोष्ट शिकवली, आणि ती मात्र पान उलटण्याच्या घाईत निसटते. ती म्हणजे काळाची गोष्ट. त्याने मासळीचे उदाहरण घेतले आहे. आज सकाळी जेवढी मासळी बंदरात आली तेवढीच. गिऱ्हाइके वाढली म्हणून दुपारपर्यंत एक मासा वाढत नाही, आणि भाव मात्र कडाडतो. हीच वाढलेली मागणी काही महिने टिकली तर इतर कामांना लागलेल्या होड्या मासेमारीकडे वळतात आणि भाव थोडा उतरतो. ती अनेक वर्षे टिकली तर नव्या होड्या बांधल्या जातात, नवी पोरे या धंद्यात शिरतात, आणि भाव मासळी पकडण्याच्या खर्चाच्या आसपास येऊन बसतो. म्हणजे ‘भाव वाढला तर काय होईल?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. किती काळानंतरचे विचारता, हे आधी सांगावे लागते. माझ्या मते अर्थशास्त्राचा पहिला धडा कात्रीत नसून या घड्याळात आहे.

मासळीचे घड्याळ महिन्यांत चालते; घरांचे घड्याळ पिढ्यांत चालते. या दृष्टीने आता मुंबईची हकीकत पाहू.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. बंदर, गिरण्या, गोदी, लष्करी कचेऱ्या यांत कामे निघाली आणि माणसांचा लोंढा शहराकडे लागला. मागोमाग १९४७ साली फाळणी झाली आणि सिंध-पंजाबातून निर्वासितांची कुटुंबे येऊ लागली. आज बृहन्मुंबईत मोडणाऱ्या मुलखाची लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीत सुमारे १८ लाख होती. १९५१ मध्ये ती ३० लाखांच्या घरात गेली. इकडे सिमेंट आणि लोखंड यांवर नियंत्रण. युद्धाच्या काळात खाजगी घरबांधणी जवळजवळ थांबलेली. अशा वेळी भाडे मोकळे सोडले असते तर ते तिप्पट-चौपट झाले असते, आणि त्या वाढीने एकही नवी खोली उभी राहिली नसती, कारण बांधावयास सामानच नव्हते. मालकाने बोट न हलवता त्याच्या पदरी जास्तीचा पैसा पडला असता. जमीन मर्यादित आहे एवढ्याच कारणाने मिळणाऱ्या अशा प्राप्तीचे विवेचन डेव्हिड रिकार्डो याने १८१७ सालीच करून ठेवले होते. तेव्हा मासळीच्या उदाहरणातला तो ‘आज सकाळ’चा काळ येथे काही वर्षे लांबला होता, आणि त्या काळापुरते भाडे थोपवण्यात घरांचा तोटा नव्हता, नफा मालकाच्या खिशातून भाडेकरूच्या खिशात जात होता, इतकेच. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१८ साली, मुंबईत असा कायदा झालाच होता. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अंमलात आला तो याच न्यायाने. १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या जागेचे जे भाडे होते तेच तिचे प्रमाण भाडे ठरले. त्यानंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेला पहिल्या वेळचे भाडे प्रमाण मानले गेले. कायद्याची मुदत होती ३१ मार्च १९५० पर्यंत.

अवघी दोन वर्षे! या मुदतीवरून कायदा करणारांना शास्त्र कळत नव्हते असे कोणी म्हणू नये. त्यांना ते चांगले कळत होते. पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. मुदत संपत आली की वाढवावयाची, ती संपत आली की पुन्हा वाढवावयाची, असे करता करता पन्नास वर्षे गेली. भाडेकरूंची मते पुष्कळ आणि मालकांची थोडी, हे एक कारण. पण केवळ तेच नव्हे. ज्या दिवशी नियंत्रण उठवावे त्या दिवशी हजारो कुटुंबांवर कुऱ्हाड कोसळणार, हे दर मुदतीला अधिकाधिक खरे होत गेले. बांध जितका जुना तितके त्याच्यामागचे पाणी उंच.

आता भाडे थोपले म्हणजे टंचाई गेली काय? खोल्या तेवढ्याच, इच्छुक पूर्वीहून जास्त, कारण भाडे स्वस्त. मग एका खोलीसाठी पाच उमेदवार उभे राहिले तर ती कोणाला मिळावी? मोकळ्या बाजारात हा निवाडा भाडे करते. तो निर्दय असतो हे मान्य. पण भाड्याचे तोंड बांधले म्हणून निवाडा टळत नाही, निवाडा करणारा बदलतो. कोठे मालकाची जात-पात, गाव, ओळखपाळख निवाडा करू लागली. आणि सर्वत्र निवाडा करू लागली ती पागडी.

पागडीकडे आपण केवळ लोभाचा प्रकार म्हणून पाहतो. तिचा हिशेब करून पाहावा. समजा, १९५५ च्या सुमारास दोन खोल्यांच्या एखाद्या जागेला बाजारात पन्नास रुपये सहज आले असते आणि कायद्याचे भाडे वीस रुपये होते. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. जो भाडेकरू आत शिरेल त्याचे दरमहा तीस, म्हणजे वर्षाला ३६० रुपये वाचणार. आणि तेही एक-दोन वर्षे नव्हे, वारसाहक्काने पुढच्या पिढीचेसुद्धा. शेकडा सहा व्याजाने ३६० रुपये उत्पन्न देणारे भांडवल होते ६,००० रुपयांचे. तेव्हा त्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याचा हक्क सहा हजारांच्या आसपास विकला जावा, हे ओघानेच आले. कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरवला होता. म्हणून ती पावतीवाचून, रोख आणि अंधारात दिली जाऊ लागली. दरमहा थोडे थोडे द्यावयाचे भाडे एकरकमी होऊन मागील दाराने आत आले. यात एक फरक पडला, आणि तो गरिबाच्या मुळावर आला. महिन्याला पन्नास रुपये देऊ शकणारा कारकून शहरात पुष्कळ सापडला असता. सहा हजार रुपये एकदम काढून देणारा शंभरात एखादा. जो आत होता त्याचे भले झाले; जो कोकणातून वा घाटावरून पेटी घेऊन त्यानंतर आला, त्याला चाळीचा जिनाही चढता आला नाही. तो पोटभाडेकरू झाला, खाणावळीच्या ओट्यावर निजला, नाही तर झोपडीत गेला. मुंबईतल्या झोपड्यांची कारणे अनेक आहेत. हे त्यांतले एक, आणि त्याचा उच्चार थोडा होतो.

मागणीची बाजू झाली, पुरवठ्याकडे वळू. मालकाच्या हातून दोन गोष्टी होत असतात: जुन्या जागेची निगा आणि नव्या जागेची बांधणी. निगेविषयी बोलताना दोन पारिभाषिक शब्दांची ओळख करून घ्यावी लागेल. एक, पर्यायी खर्च. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी आपण सोडून दिलेली दुसरी सर्वांत चांगली गोष्ट. छपराची कौले बदलण्यास लागणारे हजार रुपये मालकाने बँकेत ठेवले असते तर व्याज आले असते. ते व्याज हा कौलांचा पर्यायी खर्च. दुसरा शब्द सीमान्त. माणूस निर्णय घेतो तो एकंदर जमाखर्च मांडून नव्हे, पुढचा एक रुपया टाकला तर आणखी काय मिळेल, एवढे पाहून. भाडे मोकळे असते तर चांगल्या छपराच्या घराला चार रुपये जास्त आले असते, म्हणून छपरावर टाकलेला रुपया परत येण्याची आशा असती. भाडे जर १९४० च्या आकड्यावर खिळले आहे, तर छप्पर गळो वा न गळो, पावती तीच. त्या रुपयाला जाण्यासारखे दुसरे हजार मार्ग आहेत. तो छपरावर का जाईल?

तर मग भाडेकरूने तो का घालू नये? त्याचे एवढे भाडे वाचते आहे! आपल्या खोलीत त्याने लादी बसवली, रंग दिला, माळाही काढला. पण छप्पर, जिना, मोरीचा नळ, पायाखालचा खांब हे सर्वांचे. चाळीस बिऱ्हाडांत प्रत्येकाला वाटते की बाकीच्या एकोणचाळिसांनी वर्गणी काढली तर आपणावाचून अडणार नाही. शिवाय घर आपले नाही ही जाणीव पाठीशी असतेच. असे करता करता वाळवी लागलेली तुळई कोणाचीच राहत नाही.

१९६९ साली सरकारला या गोष्टीत हात घालावा लागला. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन करण्यात आले. मुंबई बेटावरील अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या त्या वेळी १९,६४२ होती. त्यांतल्या बहुसंख्य १९४० पूर्वीच्या. मंडळाने टेकू लावले, तुळया बदलल्या, कित्येक इमारती नव्याने बांधल्या. तरी दर पावसाळ्यात कोठे ना कोठे जिना खचल्याची बातमी येतच राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी भेंडी बाजारातली शंभरीच्या घरातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. प्रत्येक पडझडीचे खापर भाडे कायद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. खारी हवा, पावसाळा, तळमजल्यावर दुकानासाठी तोडलेले खांब आणि अडून राहिलेल्या पुनर्बांधणीच्या योजना यांचाही वाटा असतो. पण जी इमारत राखण्यात कोणाचाच लाभ उरलेला नाही ती उभी राहते कशाच्या बळावर, हा प्रश्न राहतोच. फळ्यावरच्या रेषा जेथे माणसांच्या जिवाशी येऊन भिडतात ती ही जागा.

नव्या बांधणीचे काय झाले, याचे उत्तर ऐकणाऱ्या प्रत्येक घरात आहे. आपले आजोबा जन्मभर भाड्याच्या घरात राहिले आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. कमावता माणूस तीन खोल्या भाड्याने घेई, बदली झाली की सोडी. पैसेवाला माणूस म्हातारपणाची सोय म्हणून चाळ बांधून भाड्याने देई. पहिल्या दिवशीचे भाडे कायमचे गोठणार असे दिसल्यावर भाड्यासाठी घर बांधणे हा धंदाच बुडाला. बांधणारा विकण्यासाठी बांधू लागला. सहकारी सोसायट्या आणि मालकीचे गाळे यांचे युग सुरू झाले. १९६३ साली मालकीच्या गाळ्यांविषयी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदाही करावा लागला. आज तिशीतला मुलगा नोकरी लागताच वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो ते सर्वस्वी स्वखुशीने, असे समजण्याचे कारण नाही. भाड्याच्या चांगल्या घराचा पर्याय त्याच्यापुढून दोन पिढ्यांपूर्वीच नाहीसा झाला होता.

आणि कुलुपांची गोष्ट सांगावयाची राहिली. भाडेकरू ठेवला तर तो निघत नाही, म्हणून मालकांनी भाड्याऐवजी परवान्यावर, म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या करारावर, जागा देण्याची युक्ती काढली. १९७३ साली सरकारने कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर राहणारांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. हेतू चांगला होता. त्या दिवशी जे जागेत होते ते वाचले. पण शहरातल्या प्रत्येक मालकाने त्यातून एक बोध घेतला: आज जो पाहुणा तो उद्या कायद्याने घरचा होऊ शकतो. म्हणून परदेशी गेलेल्या मुलाची जागा बंद, गावी राहणाऱ्या मालकाची जागा बंद. ज्या अकरा महिन्यांच्या करारामुळे भाड्याने राहणारी कुटुंबे दर वर्षी सामानाची बांधाबांध करतात, त्या रीतीची पाळेमुळेही या धास्तीतच आहेत. किंमत केवळ आजच्या व्यवहारावर ठरत नाही. उद्या काय होईल या अपेक्षेवरही ठरते, हे तत्त्व पुस्तकात चार ओळींत आटोपलेले असते.

जागा चुकीच्या माणसाकडे अडकून पडते, हाही एक परिणाम आहे. मुले पांगली तरी म्हातारा-म्हातारी चार खोल्यांत राहतात, कारण लहान जागा घ्यावी तर भाडे दसपट. खालच्या मजल्यावर आठ माणसे एका खोलीत. नोकरी ठाण्यापलीकडे लागली तरी खोली सोडवत नाही. माणूस रोज तीन तास गाडीत उभा राहतो. न्यूयॉर्क शहरात अशा बेमेळाचे मोजमाप ग्लेझर आणि लुटमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केले: भाड्याच्या घरांत राहणारांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या खोल्यांची संख्या, बाजार मोकळा असता तर असती त्याहून वेगळी होती. महानगरपालिकेचे नुकसान निराळेच. तिचा घरपट्टीचा पाया याच गोठलेल्या भाड्यावर उभा होता; तो बदलून २०१० पासून मुंबईत घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाऊ लागली.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, कायदा सरळ वाईटच होता. तसे मला म्हणावयाचे नाही. भाडेकरूला जे मिळाले ते खरे होते, आणि थोडे नव्हते. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि हळूहळू गिरण्यांचे भोंगेच थांबले. पगार बंद झाले तरी लालबाग-परळातल्या कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राहिले, यात त्या लहानशा भाडेपावतीचा वाटा होता. तिच्याच आधाराने चाळींतली मुले शिकली. ही सुरक्षितता मोजण्याचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला आहे. तेथे १९९४ साली मतदारांनी लहान जुन्या इमारतींनाही भाडे नियंत्रण लागू केले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी त्याचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. नियंत्रणाखाली आलेले भाडेकरू आपल्या पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता शेकडा १० ते २० ने वाढली. पण त्या इमारतींच्या मालकांनी भाड्याच्या जागा शेकडा १५ ने कमी केल्या, विकल्या वा पाडून नव्या बांधल्या. आणि सबंध शहरातले भाडे शेकडा ५ च्या वर चढले. म्हणजे आत असलेल्याला जे मिळाले ते बाहेरच्याने भरले. मुंबईत ज्याचा आपण अदमास करत होतो त्याला आकडा मिळाला.

मालकांविषयी वाहवत जाऊन सहानुभूती दाखवण्याचेही कारण नाही. पुष्कळांनी पागडी घेऊन जागेची किंमत एकदा वसूल केली होती, आणि भाडेकरूने खोली विकली की तिच्यात पुन्हा हिस्सा घेतला. ज्याने काहीच घेतले नाही आणि ज्याच्या वडिलांनी पै पै जोडून चाळ बांधली, तो विधवेसारखा गप्प मालकही याच शहरात होता. कायद्याला या दोघांतला भेद दिसत नव्हता.

आणि थोपवलेले भाडे एका सकाळी मोकळे केले असते तर? येथे ते घड्याळ पुन्हा आठवावे. भाडे मोकळे होताच ते त्याच दिवशी चढेल. त्याला उत्तर म्हणून नवी घरे उभी राहावयास पाच-दहा वर्षे लागतील. मधल्या काळात पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्याने जावे कोठे? ज्या तत्त्वाने कायदा पन्नास वर्षे चालवणे चुकीचे ठरते, त्याच तत्त्वाने तो एका दिवसात उठवणेही चुकीचे ठरते. भाडे वर्षागणिक थोडे थोडे, महागाईच्या मागोमाग वाढू दिले असते तर १९६० पर्यंत हा प्रश्न उरला नसता, असे माझे मत आहे.

१९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्यातील १९४० चे प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाले असल्याचा निर्णय दिला. कायद्याची चालू मुदत थोड्याच महिन्यांत संपत असल्यामुळे तो रद्द मात्र केला नाही. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने भाड्यात दर साल शेकडा ४ वाढ करण्याची मुभा मालकाला दिली आणि अंधारातल्या पागडीला उजेडात आणून कायदेशीर केले. बँका, सरकारी उपक्रम आणि मोठ्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. साध्या बिऱ्हाडाचा हिशेब मात्र फारसा हलला नाही. २००० साली चाळीस रुपये भाडे असलेल्या खोलीवर शेकडा ४ ची वाढ चक्रवाढीने धरली तरी २०२५ साली आकडा शंभर-सव्वाशेच्या आतच राहतो. उशिरा चालू केलेले घड्याळ मागची वर्षे भरून काढत नाही.

ती भरून काढण्याचा मार्ग पुढे निघाला तो भाड्यातून नव्हे, आकाशातून. १९९१ च्या विकास नियमावलीने उपकरप्राप्त इमारत पाडून त्या जागी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक चटई क्षेत्राची इमारत बांधण्यास वाट करून दिली. जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत मालकीची जागा विनामूल्य द्यावयाची आणि वरचे मजले विकून खर्च काढावयाचा, अशी ही योजना. विनामूल्य हा शब्द अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जपून वाचावा: ते मूल्य वरच्या मजल्यांच्या गिऱ्हाइकाकडून येते, आणि त्या वाढलेल्या मजल्यांचे पाणी, सांडपाणी, वाहने यांचा भार गल्लीवर पडतो. शिवाय जेथे जमिनीला भाव जास्त आणि बिऱ्हाडे बेताची तेथेच बांधणारा येतो. रस्त्याच्या तोंडावरची चाळ उठते. बोळातली, जिच्या एकेका मजल्यावर वीस वीस बिऱ्हाडे आहेत ती, टेकूवर उभी राहते.

तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या त्या नातवापुढे एक दिवस असा संमतीचा कागद येतो. सही करावी तर चाळ पडेल, आणि नवी इमारत होईपर्यंत, ती चार वर्षांत होवो की चौदा, परक्या उपनगरात भाड्याने राहावे लागेल. बांधणाऱ्याने भाडे देणे मध्येच थांबवले तर तेही गेले. सही न करावी तर मंडळाने लावलेला लोखंडी टेकू आणि पुढचा पावसाळा. तो कागद त्याने घडी करून देव्हाऱ्याखालच्या खणात, आजोबांच्या पावत्यांच्या पुडक्याशेजारी ठेवला आहे.